दिवा तरी लाव

ऑफिसातले धारप डबा उघडता उघडता सांगतात,
ही ऑनलाइन गेम खेळणारी पोरं म्हणजे
अंधारी खोली, चिप्सची पाकिटं, तीन दिवसांचा टी-शर्ट,
मित्र नाहीत, नोकरी नाही, माणसांचं तर वावडंच.
मी मान डोलावते, त्यांना लोणच्याची फोड वाढते.
काल रात्री अडीचपर्यंत मी
एका ड्रॅगनच्या डाव्या पंखाखाली उभी राहून
सात जणांच्या जखमा भरत होते,
हे त्यांना कशाला सांगू?

वय एक्कावन्न. फाहाहीलमध्ये एकोणीस वर्षं.
गोठवलेल्या कोंबड्यांचे हिशेब ठेवते.
नवरा वफ्राच्या तेलविहिरींवर, पंधरा दिवसांनी घरी.
खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसते,
रात्रभर जळते, आमच्या समईला कधी जमलं नाही तशी.
खेळात माझं नाव निर्गुडी.
कोणी अर्थ विचारला तर सांगते,
सुजेवर बांधायचा पाला.

आमच्या टोळीत थरकन आहे,
अहमदीच्या यार्डात क्रेन चालवतो, चार मुलींचा बाप,
आणि इथे वीतभर उंचीची परी, गुलाबी जोडे घातलेली.
म्हणतो, दिवसभर वरून बघतो, रात्री जरा खालून बघू दे.
उम्म खालिद परशू घेऊन सगळ्यांच्या पुढे.
ऐन लढाईत "थांबा, नातू उठला" म्हणून जाते.
राक्षसाला कुठलं थांबता येतं,
आम्ही आपले मरतो आणि तिची वाट बघतो.

आणि सरसूर. म्हणजे झुरळ.
नाव त्याचं त्यानेच घेतलेलं.
एकोणीस वर्षांचा, माइक कधी चालू करत नाही,
कॅमेरा एकदाच चुकून लागला तेव्हा नुसता काळोख,
त्यात निळसर हनुवटी.
धारपांनी पाहिला असता तर टाळी मागितली असती.
आम्हीही हसायचो. मीसुद्धा.
अरे, दिवा तरी लाव, वटवाघूळ आहेस का?
तो हसरा चेहरा टाइप करायचा, बस.

मे महिन्यात, धुळीच्या वादळाच्या आठवड्यात
चार रात्री तो आला नाही.
थरकनने मागे त्याला हेडफोन पाठवला होता,
त्या पत्त्यावर मी गेले. हवल्ली, तिसरा मजला,
लिफ्ट बंद, जिन्यात पायांखाली रेती करकरत होती.
हातात डबा, मऊ भात आणि मेतकूट,
का नेलं ते विचारू नका.

दार त्याच्या आईने उघडलं. बाह्यांवर पीठ.
पहाटे साडेतीनला बेकरीत जाते,
म्हणून आठला निजते, असं नंतर कळलं.
खोली एकच. तिच्या पलंगापासून
त्याचं टेबल हातभर लांब.
म्हणून दिवा नाही. म्हणून आवाज नाही.
झुरळासारखा, तो म्हणाला, कोणाला कळू न देता.
कांजिण्यांनी तोंड भरलेलं, आवाज घोगरा,
दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

मी म्हटलं, निर्गुडी.
तो बघतच राहिला, मग म्हणाला,
मला वाटायचं तू एखादा मुलगा असशील,
अंधारात एकटाच बसलेला.
मी म्हटलं, मुलगा तेवढा नाही.
बाकीचं त्याला न सांगताच कळलं असावं.
एकटीसाठी मी कुठे लावते दिवा.

जिना उतरताना मला माझे विनोद आठवत होते,
एकेका पायरीवर एकेक.

रविवारी धारप डबा उघडून विचारतात, डोळे लाल का?
वादळ, मी म्हणते.
ते मुलाचं काहीतरी सांगू लागतात, दार बंद करून बसतो म्हणे,
आणि मी पहिल्यांदाच मान डोलावत नाही.
दार वाजवून बघा, म्हणते. आत कोण आहे विचारा. खेळातलं नाव विचारा.

घरी कीबोर्डच्या फटीत भाजणीच्या चकलीचा चुरा अडकलाय,
जखमा भरायचं बटण दाबलं की कुरकुरतं.
तेवढ्यापुरतं धारपांचं खरं आहे.